कासची पहाट निवोटविलला चालत नाही

कासला जायचं म्हणजे पहाटे उठायचं, हे साताऱ्यात कुणाला शिकवावं लागत नाही. उजाडायच्या आत यवतेश्वरचा घाट चढला की गर्दी चुकते, धुकं मिळतं, आणि दहाच्या आत फुलं बघून माणूस परत गावात मिसळ खायला मोकळा होतो. दक्षिण आफ्रिकेत फुलं बघायला गेलेल्या सातारकराचा पहिला दिवस वाया जातो तो याच सवयीमुळे. सकाळी सातला तो निवोटविलच्या शेताच्या कडेला जाऊन उभा राहतो. समोर हिरवं रान, त्यात मिटलेल्या कळ्यांसारखं काहीतरी, आणि अंगाला झोंबणारा गारठा. यंदा बहर नाही असं समजून तो गाडी फिरवतो. त्याच शेतात साडेअकराला पाय ठेवायला जागा नसेल इतकी फुलं उघडलेली असतात.

कासची फुलं पावसाची आणि ढगाची. गेंद, तेरडा, सीतेची आसवं, सोनकी ही मंडळी धुक्यातही तोंड उघडून असतात. निवोटविलची फुलं उन्हाची. सहलीचं सगळं वेळापत्रक या एका फरकावर बसवावं लागतं, म्हणून तो आधी सांगितला.

आता गाव कुठलं ते. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप प्रांतात, बोक्केवेल्ड नावाच्या पठाराच्या अगदी पश्चिम कडेवर हे छोटं गाव आहे. केप टाउनपासून साधारण 350 किलोमीटर. नाव निवोट नावाच्या शेतकरी घराण्यावरून पडलं. त्यांच्याकडून घेतलेल्या जमिनीवर 1897 मध्ये गाव वसलं. नकाशात शोधताना उच्चाराप्रमाणे टाइप करून उपयोग नाही. अक्षरं अशी: एन-आय-ई-यू-डब्ल्यू-ओ-यू-डी-टी-व्ही-आय-एल-एल-ई. गावात एक मुख्य रस्ता, पिवळसर वालुकाश्मात बांधलेलं देखणं चर्च, तशाच दगडाची जुनी घरं, एक-दोन दुकानं, पेट्रोल पंप. कुणी घाईत नसतं. भाषा आफ्रिकान्स, पण इंग्रजीवर सगळं भागतं. चर्च बाहेरून निवांत बघा. दगडाची घडाई पाहून वाईच्या घाटावरचे कारागीर आठवतील.

गाव एवढंसं, पण फुलांच्या जगात त्याला कंदांची राजधानी म्हणतात. तिथल्या वनस्पतींत कंद, गड्डे असलेल्या जातींचं प्रमाण जवळपास 40 टक्के धरलं जातं. जगात इतकं प्रमाण फार क्वचित सापडतं. आपल्याकडची दीपकाडी किंवा चवर डोळ्यांसमोर आणा: वर्षभर जमिनीखाली कंद झोपलेला, पावसाची चाहूल लागली की पानं, मग फूल, मग पुन्हा झोप. कासला अशी मोजकी मंडळी आहेत. तिथं सगळी वस्तीच अशी.

हे तिथंच का, हे समजायला साताऱ्याच्या माणसाला वेळ लागू नये. महाबळेश्वरला पाऊस कोसळतो आणि म्हसवडला पोचेपर्यंत माणदेश कोरडा पडतो, हे आपण जन्मापासून बघतो. निवोटविलला हाच खेळ वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये उरकतो. फक्त पाऊस हिवाळ्यातला, म्हणजे आपल्या उन्हाळा-पावसाळ्यातला: मे ते ऑगस्ट. अटलांटिक समुद्रावरून ढग येतात, कड्याला अडतात, कडेवर बऱ्यापैकी बरसतात आणि पूर्वेला कारू वाळवंटाकडे सरकताना रिते होत जातात. त्यात जमीन दर काही किलोमीटरला बदलते. कड्याजवळ वालुकाश्माची पांढुरकी रेताड जमीन. मग शेल, म्हणजे थराथरांचा ठिसूळ दगड, आणि जुन्या हिमनदीनं आणून टाकलेल्या गोट्यांची चिकणमाती. त्यामध्ये डोलेराइटची लाल, भेगाळणारी माती. पाऊसही वेगळा आणि मातीही वेगळी, त्यामुळे फुलांची मंडळीही प्रत्येक पट्ट्यात निराळी. एका पट्ट्यात उभं राहून ‘निवोटविल पाहिलं’ म्हणणं म्हणजे बामणोलीत उभं राहून सातारा जिल्हा पाहिला म्हणण्यासारखं आहे.

डोलेराइटची थोडी ओळख करून घ्या, कारण तो आपल्या काळ्या कातळाचा भाऊबंद आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट म्हणजे जमिनीवर येऊन थिजलेला लाव्हा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. कारूतला डोलेराइट म्हणजे वर न येता जमिनीच्या पोटातच निवलेला तसाच रस, सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीचा. तो झिजून जी लाल माती होते ती पावसात लोण्यासारखी आणि उन्हात विटेसारखी. या मातीत नारिंगी रंगाची बल्बिनेला उगवते. गुडघा-मांडीपर्यंत उंच दांडा आणि त्यावर मांजराच्या शेपटीसारखा फुलोरा. स्थानिक लोक तिला मांजरशेपूटच म्हणतात. हा नारिंगी प्रकार याच भागातला. पिवळी बल्बिनेला पाणथळ जागी दिसते. दोन्ही शेजारी दिसल्या तर पायाखालची माती बघा, सीमा तिथंच सापडेल.

चिकणमातीत रोम्युलिया. जमिनीला चिकटून, तळहाताएवढी लाल वाटी, आत काळसर ठिपके, पाकळी रेशमासारखी चकाकणारी. ही ऑगस्टमध्येच येते आणि सप्टेंबर लागला की विरळ होते. स्पारॅक्सिस फिकट शेंदरी, मध्यभागी जांभळी. बाबियाना निळी-जांभळी, तिचं नाव बॅबून माकडांवरून पडलं, कारण ती हे गड्डे उकरून खातात. आणि लापेरूसिया: गर्द जांभळी, जमिनीलगत, फुलाची नळी मात्र बोटाएवढी लांब. त्या नळीच्या तळातला मध एक विशिष्ट माशी पिते, जिची सोंड तिच्या अंगाहून लांब असते. ती माशी ऊन असल्याशिवाय उडतच नाही. फूल पहाटे उघडून काय करणार?

उन्हाचं गणित थोडं तपशिलात. बहुतेक फुलं साधारण 18 अंशांच्या वर तापमान गेल्याशिवाय उघडत नाहीत. क्रोकसच्या, म्हणजे केशराच्या कुळातल्या फुलांत पाकळीच्या आतल्या आणि बाहेरच्या पेशी वेगवेगळ्या तापमानाला वाढतात: ऊब आली की आतली बाजू जास्त ताणते आणि फूल उघडतं, गारवा आला की बाहेरची बाजू ताणते आणि मिटतं. रोम्युलिया त्याच कुळातली. मिटलं की पराग दवापासून आणि पावसापासून वाचतात. म्हणून फुलांची वेळ साडेदहा-अकरा ते साडेतीन-चार. ढगाळ दिवशी तीही नाही. अपवाद एक: हेस्पेरँथा. ही आपल्या गुलबक्षीची मैत्रीण. दिवसभर मिटलेली, विटकरी पाठ दाखवत बसलेली, आणि दुपारी चारच्या आसपास, बाकीची दुकानं बंद व्हायला लागली की, हिचे पांढरे तारे अचानक सगळ्या रानात उमटतात. बहुतेक पर्यटक तेव्हा चहाला निघून गेलेले असतात.

दुसरी गोष्ट दिशेची. तिथली फुलं सूर्याकडे तोंड करून असतात, आणि दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. म्हणजे तुम्ही दक्षिणेकडून उत्तरेकडे बघत गेलात तर तुम्हाला फुलांच्या पाठी दिसतात आणि उन्हात डोळे दिपतात ते वेगळंच. उत्तरेकडून दक्षिणेकडे बघा, सूर्य पाठीशी ठेवा, की सगळं रान तुमच्याकडे बघतंय असं वाटतं. आपल्या अंगात ‘दुपारी सूर्य दक्षिणेला’ मुरलेलं असतं, त्यामुळे पहिले दोन दिवस डोकं गरगरतं. होकायंत्र वापरायला लाजू नका. घड्याळही थोडं फसवतं. गाव देशाच्या प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून बरंच पश्चिमेला असल्यामुळे खरी माध्यान्ह घड्याळात पाऊण वाजता होते. ऑगस्टअखेर सूर्योदय सातच्या सुमारास, सूर्यास्त साडेसहाच्या आसपास. (भारत त्यांच्यापेक्षा साडेतीन तास पुढे, घरी फोन करताना लक्षात ठेवा.)

या दोन्ही गोष्टी जुळवल्या की दिवस आपोआप आखला जातो. सकाळी फुलं मिटलेली असतात तेव्हा गावाच्या उत्तरेला लुरीसफॉन्टेनच्या रस्त्यानं निघायचं. सुमारे सात किलोमीटरवर डोरिंग नदीचा धबधबा. काळ्या कातळाच्या घळीत पाणी एकदम खाली जातं, उंची सुमारे शंभर मीटर. आपल्या भांबवलीच्या वजराईशी तुलना करायला जाऊ नका, निराश व्हाल. पण त्या कोरड्या मुलखात नदी अशी अचानक जमिनीत कोसळताना बघणं वेगळं आहे. कठड्याला सगळीकडे कुंपण नाही, आणि ओला डोलेराइट शेवाळलेल्या घाटपायऱ्यांइतकाच घसरडा. मुलांचा हात सोडू नका. पाऊस नसेल तर धबधबाही नसतो.

त्याच रस्त्यानं आणखी पुढं, गावापासून पंचवीसेक किलोमीटरवर, कोकरबूम झाडांचं रान लागतं. ही खरं तर कोरफडीच्या घराण्यातली झाडं, पण उंची दोन-तीन पुरुषांची, खोड सोनेरी-करडं, साल सुरीच्या धारेसारखी उलगडलेली, फांद्या दर वेळी दोनात फुटत गेलेल्या. सान नावाचे तिथले आदिवासी याच्या फांद्या पोखरून बाणांचे भाते करत, त्यावरून नाव पडलं. फुलं जून-जुलैत येऊन गेलेली असतात, पण झाडं पाहायला फुलांची गरज नाही. सकाळचं तिरपं ऊन खोडावर पडतं तेव्हाच फोटो चांगला येतो, म्हणूनही ही जागा सकाळची. जमीन खाजगी शेताची आहे. फाटक जसं होतं तसं लावा, उघडं असेल तर उघडं आणि बंद असेल तर बंद.

आणि मग साडेअकराला गाडी वळवून दक्षिणेकडे, म्हणजे गावाकडे परत. आता सूर्य पाठीशी आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंची फुलं समोर. जाताना जे रान रिकामं दिसलं होतं तेच येताना ओळखू येत नाही. पंचवीस किलोमीटरला दीड-दोन तास सहज जातात.

दुसरा पूर्ण दिवस हंताम राष्ट्रीय वनस्पती उद्यानासाठी. नाव उद्यानाचं असलं तरी वाफे, कारंजी, पाट्या अशी अपेक्षा नको. हे आधी मेंढ्यांचं मोठं शेत होतं. क्षेत्र सुमारे 62 चौरस किलोमीटर. कास पठार दहाच्या आसपास आहे, म्हणजे सहापट. आखलेल्या पायवाटा वेगवेगळ्या मातीतून जातात, म्हणून एका वाटेवर न थांबता निदान डोलेराइटची आणि चिकणमातीची अशा दोन वाटा करा. इथली एक गोष्ट कासच्या माणसानं मुद्दाम समजून घ्यावी. या शेताचा बहर टिकला तो मेंढ्या हाकलून नव्हे, तर त्यांची वेळ पाळून: फुलोऱ्याच्या काळात मेंढ्या बाहेर, बी पडल्यावर आत. चराई पूर्ण थांबली तर गवत आणि झुडपं माजतात आणि बुटक्या फुलांना ऊन मिळत नाही. सायाळी कंद खायला खड्डे उकरतात, त्या खड्ड्यांत पाणी आणि बी साठतं, पुढच्या वर्षी तिथंच दाटी. कासला कुंपण घातल्यावर गुरं बंद झाली आणि गवत वाढलं की नाही, हा वाद आपल्याकडे अजून मिटलेला नाही. तिथल्या वाटांवरून चालताना त्या वादाला थोडा उजेड मिळतो.

गावाच्या दक्षिणेला, उर्लोग्सक्लूफच्या रस्त्यावर, एक उघडा खडक आहे. बघायला साधा, पण त्यावरचे समांतर ओरखडे सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनदीनं ओढलेले आहेत. तेव्हा आफ्रिका आणि भारत एकाच भूखंडात होते. त्याच हिमयुगाचे गोटे आपल्याकडे ओडिशात तालचेरला सापडतात, भूशास्त्रात त्या थराला नावच तालचेरचं आहे. महाराष्ट्रातून तालचेर कुणी बघायला जात नाही, इथं मात्र पाच मिनिटांच्या वाटेवर आहे. ओरखडे भर दुपारी दिसत नाहीत. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना खडकाशी वाकून बघा.

उर्लोग्सक्लूफ म्हणजे युद्धाची दरी. अठराव्या शतकात खोईसान लोक आणि डच वसाहतवाले यांच्यात इथं झालेल्या लढाईवरून ते नाव आलं. आता तिथं राखीव क्षेत्र आहे, शिळाचित्रं आहेत आणि पन्नास किलोमीटरच्या पुढची, चार-सहा दिवसांची पायवाट आहे. सह्याद्रीत घाटवाटा करणाऱ्यांना जमेल, पण परवाना आधी घ्यावा लागतो. वाटेत काही ठिकाणी शिडीवरून आणि खडकाच्या फटीतून अंग चोरून जावं लागतं. फुलांच्या सहलीत हे घुसडू नका, दोन्ही अर्धवट होतं.

कधी जायचं, यावर सगळं अवलंबून आहे. भरवशाचा काळ म्हणजे 15 ऑगस्ट ते 10 सप्टेंबर. बहर चांगला येण्यासाठी एप्रिल-मेमध्ये पहिला पाऊस आणि मग जून-जुलैत थोडाथोडा पण सलग पाऊस लागतो. एकदाच धो धो पडून नंतर महिनाभर उघडीप मिळाली तर रोपं उगवतात आणि वाळतात. आपल्याकडं पेरणी साधून पिकं करपतात तसंच. बहर संपवतो तो पूर्वेकडून येणारा गरम वारा. असे दोन दिवस वाहिले की तीन आठवड्यांचं रान चार दिवसांत तपकिरी होतं. म्हणून सप्टेंबरअखेरची तिकिटं स्वस्त मिळतात म्हणून काढू नका. गणपती लवकर असतील तर तारखांची ओढाताण होते. तेव्हा ऑगस्टचा शेवटचा आठवडा धरा. परत आल्यावर कासची सोनकी सप्टेंबरच्या उत्तरार्धात सापडतेच.

गावात मुक्काम किमान तीन रात्री. कारण समुद्रावरून थंड ढगांची लाट आली की एक-दोन दिवस ढगाळ, वारा, पाऊस. त्या दिवसांत एकही फूल उघडत नाही. पण लाट गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे ऊन पडतं, त्या दिवसाइतकी फुलं कधीच नसतात. एक रात्र राहणाऱ्याच्या नशिबात यातलं काय येईल सांगता येत नाही. केप टाउनहून एका दिवसात जाऊन येण्याची जाहिरात दिसली तर सोडून द्या. जाऊन-येऊन सातशे किलोमीटर, आणि फुलांपाशी जेमतेम दोन तास. राहण्याच्या खोल्या थोड्या आहेत आणि बहराच्या आठवड्यांसाठी पाच-सहा महिने आधी भरतात. रद्द करता येईल अशी खोली आधी धरून ठेवा, जुलैच्या शेवटी पावसाची खबर घ्या आणि मग विमानाचं पक्कं करा. उलटं करणारे पस्तावतात.

रात्रीचं तापमान शून्याजवळ जातं, कधी हिमकण पडतात. घरांना आपल्यासारख्याच जाड भिंती, पण आत हीटर असेलच असं नाही. चूल पेटवायला लाकूड देतात. महाबळेश्वरच्या जानेवारीला पुरतात तेवढे कपडे आणि वर वाऱ्याला अडवणारं जाकीट. दुपारी मात्र टोपी आणि पाणी.

जाण्याची वाट अशी. भारतातून केप टाउनला थेट विमान नाही. दुबई, दोहा किंवा अदिस अबाबामार्गे बदल करावा लागतो. अदिस अबाबा किंवा नैरोबीत बारा तासांहून जास्त थांबा असेल तर पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला मागतात, तेव्हा तिकीट काढताना थांब्याचे तास मोजा. व्हिसा लागतो. पासपोर्टमध्ये दोन कोरी पानं हवीत आणि परतीच्या तारखेनंतर निदान 30 दिवस तो वैध हवा. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांचे जन्मदाखले हाताशी ठेवा. साताऱ्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा, तो वर्षभर चालतो. गाडी भाड्यानं देणारे मूळ परवान्याबरोबर तोही मागतात.

गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूनं चालवायची, हा मोठा दिलासा. केप टाउनहून एन-7 महामार्ग धरायचा. माम्सबरी, पिकेटबर्ग, सिट्रसडाल, क्लॅनविल्यम, क्लावर करत व्हानरीन्सडॉर्पपर्यंत 300 किलोमीटर. तिथं टाकी भरा, हवा तपासा, एटीएममधून रोख काढा, भाजीपाला घ्या. वर गावात यातलं काही मिळेलच असं नाही. व्हानरीन्सडॉर्पनंतर आर-27 रस्ता, आणि मग व्हानरीन घाट. हा 1880 च्या सुमारास टॉमस बेन या रस्तेबांधणीकारानं काढला. खालचं क्नेर्सफ्लाक्टे नावाचं गारगोट्यांचं सपाट रान सोडून घाट पठारावर चढतो, तेव्हा पसरणी चढल्यासारखं वाटतं. फरक इतकाच की वर पाचगणीऐवजी रिकामं आभाळ. घाटमाथ्यावर गाडी लावायची जागा आहे. संध्याकाळी तिथून खालचं रान मैलोगणती निळं होत जाताना दिसतं.

महामार्गावर 120 ची मर्यादा, एरवी 100, गावात 60. मागून वेगानं गाडी आली तर पुढचा माणूस पिवळ्या रेघेच्या डावीकडे सरकून वाट देतो. पुढं गेल्यावर दोन्ही इंडिकेटर दोनदा लुकलुकवून आभार मानायचे. आपल्या पुणे-बंगळूर महामार्गावर ही चाल आली तर किती भांडणं मिटतील! अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, हरणं रस्त्यावर येतात.

खरा त्रास खडीच्या रस्त्यांचा. शेताकडे जाणारे बरेच रस्ते कच्चे आहेत, आणि शेलचे तुकडे पातीसारखे धारदार असतात. चाकाच्या बाजूची भिंत चिरली की पंक्चर निघत नाही, टायरच जातो. डांबरावर 32 हवा असेल तर खडीवर 26-27 वर आणा, वेग साठच्या खाली ठेवा, ब्रेक जोरात मारू नका आणि वळणाआधीच हळू व्हा. डांबरावर परतलात की हवा पुन्हा भरा, नाहीतर टायर तापतो. सुटं चाक पूर्ण मापाचं आहे का, जॅक चालतो का, हे केप टाउनमध्येच गाडी ताब्यात घेताना बघा. भाड्याच्या गाडीच्या साध्या विम्यात टायर, काच आणि गाडीचं पोट बहुधा धरलेलं नसतं. तेवढा जादा विमा घेतलेला बरा. कालव्हिनियाहून सेरेसकडे उतरणारा आर-355 जवळचा वाटतो म्हणून धरू नका. मध्ये सुमारे 250 किलोमीटर एकही गाव नाही आणि टायर खाण्यात तो बदनाम आहे.

कालव्हिनिया 70 किलोमीटर पूर्वेला. पाण्याच्या जुन्या टाकीची केलेली प्रचंड लाल टपालपेटी सोडली तर फुलांच्या सहलीत तिकडे जायची गरज नाही. लुरीसफॉन्टेनला पाणी उपसणाऱ्या जुन्या पवनचक्क्यांचं संग्रहालय आहे. चाळकेवाडीच्या पात्यांची सवय असलेल्याला हे ठेंगणे पंखे खेळण्यासारखे वाटतील, पण कारूतली वस्ती त्यांच्यामुळेच टिकली. ढगाळ दिवसासाठी ही जागा राखून ठेवा.

जेवणाचं. हा मेंढीच्या मटणाचा मुलूख आहे, कोल्हापूर-साताऱ्याच्या मटणप्रेमींना आनंद होईल. मसाला मात्र मीठ आणि मिऱ्यापुरता. शाकाहाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेलंच घर घ्यावं. निखाऱ्यावर भाजलेली रूस्टरकूक नावाची पावासारखी भाकरी चीज घालून मिळते, तळलेला फेटकूक भटुऱ्याच्या जवळ जातो. घरून मेतकूट, सुकी चटणी, भडंग बंद पाकिटात न्या. कंदी पेढे मात्र घरीच ठेवा: दूध, मध, बियाणं, ताजी फळं यांवर विमानतळावर बंधनं आहेत. चहाऐवजी सगळीकडे रुईबोस मिळतो. ते इथल्याच रेताड जमिनीतलं झुडूप आहे. बारीक कापून, ठेचून, ओलं करून रात्रभर आंबवत ठेवतात आणि मग उन्हात वाळवतात, तेव्हा लाल रंग येतो. काढणी उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या जानेवारी-मार्चमध्ये होत असल्यामुळे फुलांच्या दिवसांत ती दिसत नाही. सांगलीच्या हळदीला जसं भौगोलिक मानांकन आहे तसं रुईबोसला 2021 मध्ये युरोपीय संघाचं मिळालं. गावाच्या दक्षिणेला छोट्या शेतकऱ्यांची हेइफेल्ड सहकारी संस्था तो पिकवते आणि परदेशात विकते. आपल्या भागात सहकार समजावून सांगायला नको.

चार्जरसाठी एक सोपी गोष्ट. त्यांचं मोठं तीन गोल पिनांचं सॉकेट म्हणजे आपल्या गीझरचं, 16 अँपिअरचं. आपला जाड पिनांचा प्लग त्यात बसतो, मोबाइलचा बारीक तीन पिनांचा नाही. गीझरच्या पिनांचा एक मल्टिप्लग बॅगेत टाकला की अ‍ॅडॉप्टर शोधत फिरावं लागत नाही. वीज जाते तेव्हा तिथलेही लोक ‘लोडशेडिंग’च म्हणतात. पूर्वीइतकी जात नाही, पण बॅटरी सोबत असू द्या.

शेवटी वानवळ्याचं. फूल आवडलं की कंद पिशवीत टाकायचा, ही आपल्याकडची घरगुती सवय. तिथं तो गुन्हा आहे. नॉर्दर्न केपच्या 2009 च्या निसर्गसंरक्षण कायद्यात या कंदांना संरक्षण आहे, आणि इवल्याशा रसाळ वनस्पतींची चोरी परदेशी लोकांनी इतकी केली आहे की पोलीस डोळ्यात तेल घालून असतात. हौस असेल तर नोंदणीकृत रोपवाटिकेतून बी घेता येतं, पण ते भारतात आणायला आपल्याकडचा आयात परवाना लागतो. एवढं करून आणलं तरी साताऱ्याच्या जूनच्या पावसात कंद कुजतो, कारण त्याच्या झोपेची वेळ नेमकी तीच असते.

ऑगस्ट जमत नसेल त्यांच्यासाठी एक आडवाट आहे. उन्हाळा संपून पहिला बरा पाऊस पडला की तीनेक आठवड्यांत, बहुधा मार्चमध्ये, ब्रन्सविजिया नावाचा गुलाबी फूल-झुंबरांचा कंद एकाच वेळी सगळ्या रानात उमलतो. पान एकही नसतं, नुसती भुईतून निघालेली फुलं. हे दोन आठवडेही टिकत नाही, आणि तारीख कुणालाच आधी माहीत नसते.